तुमच्या नावावरचा किराणा

कुंदाताई, मला सरासरी तुम्ही शिकवलीत. हे आधी लिहून टाकते. पुढे लिहिताना माझं काय होईल सांगता येत नाही, आणि तेवढ्यात हेच राहून जायला नको. चंदगडच्या शाळेने शिकवली नाही, कारण आठवीनंतर मी शाळेत गेलेच नाही. नवऱ्याने शिकवली नाही, तो बिचारा पुलांच्या कामावर सिमेंटचा मिक्सर फिरवतो. तुम्ही शिकवलीत. मनीषनगरच्या दुकानाच्या माळ्यावर, तेलाच्या खोक्यांच्या आडोशाला, स्वतःची बस चुकवून.

आणि आता तुम्ही नाही. माळ्यावरच्या तुमच्या खुर्चीत मी बसते. खुर्ची अजून तुमच्याच उंचीला आहे, मी ती खाली केलेली नाही, त्यामुळे माझे पाय अधांतरी राहतात. सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर अक्षरं येतात, ‘नमस्कार, कुंदा’. शेठ म्हणाले, बदलून घ्या. मी हो म्हटलं. रोज बदलायचं ठरवते आणि रोज तो नमस्कार मान खाली घालून तुमच्या वतीने घेते. कोणी बघितलं तर हसेल.

तुम्हाला आठवतं का, मी काउंटरवर नवी होते. दोन दुकानांचे आकडे जुळवायला वर एक बाई लागते असं तुम्ही शेठना सांगितलंत आणि माझं नाव घेतलंत. मी जिन्यातच रडायला लागले. म्हटलं, ताई, मला गणित येत नाही, मला खालीच राहू द्या. तुम्ही वरून ओरडलात, “काहून वं, गणित का वाघ आहे का, खाऊन टाकन तुले? चढ वर!”

मग तुम्ही चहाचे पेले मांडलेत. एकात काठोकाठ, एकात घोटभर, एकात अर्धा. सगळे किटलीत परत ओतलेत आणि पुन्हा सारखे भरलेत. “पाह्य, हे झाली सरासरी. आमच्या विहारात पंगत बसते ना, तसं. सगळ्याइले एकच वाढणी. ज्याले भूक आहे त्याले बी, नाई त्याले बी.”

मी घाबरत विचारलं, “पण ताई, सगळ्यांची भूक सारखी नसते की.”

तुम्ही टेबलावर थाप मारलीत. पेले हलले. “अवं, हेच तर! हे तुले पहिल्याच दिवशी समजलं. लोकाइले जन्मभर समजत नाई.”

खरं सांगते, त्या आधी मला कोणी ‘तुला समजलं’ असं म्हटलेलं मला आठवत नाही. माझं काय समजलं होतं तेही मला कळलेलं नव्हतं. पण घरी जाताना मी रस्त्यावर एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाच बिलं पुढ्यात टाकलीत. चाळीस रुपये, पन्नास, पन्नास, साठ, आणि एक लग्नघरचं दोन हजारांचं. काढ म्हणालात. मी काढली, चारशे चाळीस आली. “आता मले या पाचातला तो माणूस दाखव, ज्यानं चारशे चाळीसचं सामान नेलं.” मी बिलं उलटसुलट केली. असा माणूस नव्हताच. तुम्ही म्हणालात, सरासरीत जो दिसतो तो दुकानात कधी येत नाही, म्हणून सरासरी एकटी कुठे पाठवायची नाही. किती जणांची आहे, आणि मधलं बिल कोणतं, ते खाली लिहायचंच. त्या पाचांत मधलं बिल पन्नासचं होतं. तेव्हापासून मला त्या चारशे चाळीसवाल्या माणसाची भीती बसली आहे, ताई. जो सगळ्यांपासून बनतो आणि कोणीच नसतो. तुम्ही गेल्यापासून तो जिन्यात उभा असल्यासारखा वाटतो.

आपल्या दोन दुकानांचं भांडणही तुम्हीच सोडवलं होतंत. एक हे मनीषनगरचं, मोठं, थंड हवेचं; दुसरं खापरखेड्याचं, तुमच्या वीज केंद्राच्या वसाहतीजवळचं, शटरवालं. शेठ नेहमी म्हणायचे, खापरखेड्याला दम नाही, तिथलं बिल बघा, शंभराच्या वर जात नाही. तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत, “शेठ, इथची बाई महिन्यातून एकदा येते, तीन हजाराचं नेते. तिथची रोज येते, शंभराचं नेते. महिना जाऊ द्या, दोघी सारख्याच. बिलाची सरासरी नका पाहू, घराची पाहा.” तेव्हापासून मोबाइल नंबरावरून हिशेब सुरू झाला. काउंटरवर नंबर सांगायचा, नाव येतं, पॉइंट जमतात, आणि महिन्याच्या शेवटी वर माळ्यावर कळतं की एकेका नावावर सरासरी किती खर्च झाला.

त्यातलं तुमचं एक काम मला सुरुवातीला वेडेपणाच वाटायचं. एखादं नाव महिनोन् महिने आलं नाही तर ते यादीतून काढायचं असतं. मशीनमध्ये एक बटण आहे, दाबलं की झालं. तुम्ही दाबत नव्हता. आधी फोन लावायचात. प्रत्येकाला.

“नमस्कार बाई, दुकानातून बोलते. दिसून नाई राहिल्या? तब्येत बरी आहे ना?”

पलीकडून लोक गोंधळून जायचे. कोणी कुहीला गावी भाताच्या रोवणीसाठी गेलेली असायची, आता धान लागलं की येते म्हणायची. कोणाच्या लेकीचं बाळंतपण. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, बाई, आठ दिवसांत मला आलेला हा पहिलाच फोन. तुम्ही त्यांच्याशी इतका वेळ बोललात की शेवटी मी घड्याळ दाखवलं.

मी म्हणायचे, “ताई, शून्य खर्चाची माणसं धरून बसलो तर सरासरी खाली येते. शेठ आपल्याला बोलतात.”

“येऊ दे खाली. आला नाई म्हणजे मेला नाई, सुरेखा. शून्यालेही जागा द्यायची.”

“आणि मेला असला तर?”

“तर घरचा कोणी फोन उचलते. त्याले विचारायचं. असं बटण दाबून कोणाले काढते का वं?”

हा वाद आपला मिटला नाही. दुसराही एक वाद होता, तो तर आपण शेवटच्या दिवशीही घालत होतो. तुमच्याच नंबराचा. तुमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका खापरखेड्याच्या काउंटरवर तुमचा नंबर सांगायच्या. विहारातल्या भोजनदानासाठी मोठा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, हवा होता, आणि इतक्या पॉइंटवर दुकानाकडून स्टीलचा गंज मिळतो म्हणून सगळ्यांनी मिळून एकाच नावावर जमवायचं ठरवलं होतं. त्यामुळे यादीत कुंदा मेश्राम ही बाई गाड्या भरभरून तांदूळ नेत होती. खापरखेड्याची सरासरी ती एकटीच वर उचलून धरत होती.

मी म्हटलं, “हे चुकीचं आहे. एक माणूस इतकं खातं का? तुम्हीच शिकवलंत, लग्नघरचं बिल वेगळं ठेवायचं.”

“एक नंबर म्हणजे एक माणूस, हे कोणी सांगतलं तुले?”

“मशीनने.”

“मशीनले काय समजते! मी का एकटी आहे का?” आणि तुम्ही पर्स उचललीत. “चाल, बस गेली तर मेश्राम मले घरात नाई घेणार. बाकीचं उद्या बोलू. तुझ्याजवळ उत्तर असन तर रात्री विचार करून ठेव.”

मी खरंच विचार करून ठेवला होता, ताई. चांगलं उत्तर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मनात घोळवतच मी दुकानात शिरले, आणि काउंटरवरच्या मुली एकमेकींना धरून उभ्या होत्या. तुम्ही रात्रीच गेला होतात.

तुमच्या घरी मी त्या दिवशी पहिल्यांदा आले. किती वेळा बोलावलं होतंत, “ये ना वं एकदा, गावाकडची पोट्टी तू, इथं चार भिंतीत काय खाते काय माहीत.” मी दर वेळी पुढच्या रविवारी म्हणायचे. खरं कारण सांगू? मला वाटायचं, तुमच्या घरी सगळे शिकलेले असतील, मला काही विचारतील. आले तेव्हा कोणी काही विचारलं नाही. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी मला सरकून जागा दिली. त्रिशरण सुरू झालं, मला शब्द येत नव्हते, शेजारची बाई माझ्यासाठी जरा हळू म्हणायला लागली. मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात, देवाशप्पथ, ते उत्तरच येत राहिलं. आत्ता सांगून टाकू का, असं वाटत होतं.

महिना संपला. मी यादी काढली आणि तुमचं नाव आलं. आडव्या ओळीत पुढे तांदूळ, तूरडाळ, शेंगदाण्याचं तेल, उदबत्ती, साबण. तारखा तुम्ही गेल्यानंतरच्या. का ते मला ठाऊक होतं, मी काही खुळी नाही. तरी मी मशीन बंद केलं आणि खाली जाऊन उगाचच बिस्किटांची फळी लावत बसले.

त्याच आठवड्यात शेठनी बोलावलं. खापरखेड्याच्या जागेचा करार संपतोय, या महिन्याची दोन्ही दुकानांची सरासरी बघून ते दुकान ठेवायचं की बंद करायचं ठरवू, असं म्हणाले. मग उठता उठता, “आणि मेश्रामबाईंचा नंबर काढून घ्या, सुरेखाताई. बरं नाही दिसत. माणूस गेलं आणि नाव चालूय.” ते वाईट मनाने बोलले नाहीत. तुमच्यासाठी त्यांनीही एक दिवस दुकान बंद ठेवलं होतं.

मी वर येऊन हिशेब केला. तुमचं नाव ठेवलं तर खापरखेडं मनीषनगरच्या जवळपास जात होतं. तुमचं नाव काढलं तर आख्ख्या गल्लीचा किराणा त्याबरोबर जात होता, आणि सरासरी अशी खाली येत होती की शेठनी दुसरा विचारच केला नसता. म्हणजे तुम्हाला ठेवायचं तर मेलेली बाई गिऱ्हाईक म्हणून दाखवायची. काढायचं तर तुमचं दुकान घालवायचं. आणि खुर्ची तुमची, आणि बसलेली मी, आठवी शिकलेली. रागसुद्धा आला तुमचा. हेच तर सांगत होते ना मी, एका नावावर इतकं नका ठेवू!

खापरखेड्याला गेले. दुपारची वेळ होती. काउंटरवरच्या रोशनीच्या बाजूला स्टुलावर बसले, म्हटलं, तू बिलं कर, मी नुसती बघते.

एक बाई आली. नंबर सांगितला. रोशनीने पडदा बघून नेहमीसारखं विचारलं, “कुंदा मेश्राम?”

“हौ,” बाई म्हणाली, आणि पिशवी उचलून गेली.

थोड्या वेळाने दुसरी. लेकरू कडेवर. तोच नंबर.

“कुंदा मेश्राम?”

“हौ.”

मग एक म्हातारी, काठी टेकत. तिला नंबर आठवत नव्हता, मागच्या बाईने तो सांगितला. “कुंदा मेश्राम?” रोशनीने विचारलं. म्हातारीने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “हौ बाप्पा. हौ.”

मला तिथे बसवेना. प्रत्येक वेळी शटरातून कोणी आत आलं की मी चेहऱ्याकडे बघायचे, आणि प्रत्येक वेळी तुमचं नाव घेतलं जायचं आणि कोणी तरी ओ द्यायचं. वेगळा आवाज, वेगळी उंची, वेगळ्या हाताची पकड. मी रोशनीला म्हटलं, “अगं, तुला कसंतरी होत नाही का?” ती म्हणाली, “पहिले दोन दिवस झालं ताई. आता वाटते, एकदा नाई विचारलं तर बरं नाई वाटणार.”

परत येऊन बटणावर बोट ठेवलं. ठेवून तसंच बसले. तुमचीच पद्धत आड आली. फोन लावल्याशिवाय नाव काढायचं नाही. आणि नाव तुमचं, म्हणजे फोन तुम्हालाच लावायचा.

माझ्या मोबाइलमध्ये तुम्ही ‘कुंदाताई बस’ अशा आहात. बस चुकली की तुम्ही फोन करायचात म्हणून. ते नाव उघडलं. मग लावला. रिंग गेली. ताई, रिंग जात असताना मला खरोखर वाटलं की तुम्ही उचलाल आणि म्हणाल, काहून वं, इतका उशीर?

“हौ, बोला.”

पुरुषाचा आवाज. मेश्राम भाऊजी. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं. “नमस्कार, दुकानातून बोलते. सुरेखा.”

“चंदगडवाली?”

“हो.”

“तुझं नाव घेत होती ती घरी. बोल बाई.”

नंबराचं कसं विचारायचं ते मी मनात जुळवत होते. तेवढ्यात तेच म्हणाले, “तू दुकानात आहेस तर एक सांग मले. ती महिन्याचं काय काय आणत होती? मी जातो दुकानात आन् उभा राहतो. ते पोट्टी विचारते, काका काय देऊ? मले आठवतच नाई. तीस वर्षं जेवलो, पण डब्यात कोणती डाळ होती ते मले नाई माहीत. तुमच्या मशीनमधी असन ना सगळं?”

मी म्हटलं, असेल, बघते. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नाही. मशीनमध्ये सगळं होतं, फक्त तुम्ही नव्हता. गल्लीतल्या सगळ्या घरांचा तांदूळ, सगळ्यांचा साबण, सगळ्यांच्या चुकून घेतलेल्या वस्तू, सगळं कुंदा मेश्रामच्या नावावर. त्यात तुमची डाळ कोणती? तुमची चहापत्ती कोणती? मी वर्षभर तुमच्याशेजारी बसले, तुमच्या नावासमोरचे सगळे आकडे मला तोंडपाठ, आणि तुमच्या घरात कोणतं मीठ आहे ते मला सांगता येईना.

मग मी मला येतं ते केलं. गल्लीत किती घरं तुमचा नंबर सांगतात ते रोशनीकडून घेतलं, सगळा माल त्या घरांत वाटला, प्रत्येक वस्तूची सरासरी काढली. इतका तांदूळ, इतकी डाळ, इतकं तेल, तिखट, चहा. कागदावर छान दिसत होतं. भाऊजींना तेच पाठवणार होते. पण म्हटलं, एकदा गल्लीतल्या बायकांना दाखवावं. तो चारशे चाळीसवाला माणूस मनातून जात नव्हता.

तुमच्या घराच्या ओट्याशेजारी वनिता भेटली, त्या दिवशी प्रार्थना हळू म्हणणारी तीच. आणि काठीवाल्या शेवंताबाई. मी कागद वाचायला लागले, “तांदूळ...”

वनिता हसतच सुटली. “तांदूळ? कुंदानं दुकानातून तांदूळ नेला? अवं, तिच्या माहेरून कुहीहून पोती येत. तिनं विकतच्या तांदळाले हात नाई लावला कधी.”

“तिखट बी नाई,” शेवंताबाई म्हणाल्या. “तिची आई पाठवे.”

“मग चहा?”

“हिरव्या पाकिटातला.”

“नाई वं शेवंताकाकू, हिरवा मेश्रामचा. ती सोता लाल पिये. दोन चाया होत त्या घरात. भांडण बी त्याच्यावरूनच होत.”

“होत! एकदा तर मेश्राम चाय न पिताच ड्युटीवर गेला, आन् प्लांटच्या फाटकातून परत आला चाय प्यायले.”

दोघी हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या, त्यातलं आधी काय सुरू झालं ते मला कळलं नाही. कागदावरचं एकेक खोडत गेलो. तांदूळ गेला, तिखट गेलं, साबण दुसराच निघाला. सरासरीने तुमच्या घरात आणून ठेवलेलं बहुतेक सगळं उचलून बाहेर ठेवावं लागलं. आणि जे कागदावर नावालाही नव्हतं ते आलं. जवस. चटणीसाठी, थोडी. आणि लिमलेटच्या गोळ्या, दोन पाकिटं.

“दोन कशाला?” मी विचारलं.

“एक बसमधी. तिले बस लागे,” वनिता म्हणाली. “दुसरं तिच्या हपिसातल्या त्या पोट्टीसाठी. घाबरली का गोळी लागते म्हणे तिले.”

ती मी. तुम्ही माळ्यावर न बोलता माझ्याकडे गोळी सरकवायचात, मला वाटायचं तुमच्यातलीच उरलेली असेल. माझ्यासाठी वेगळं पाकीट आहे, ते दर महिन्याला विकत घेतलं जातं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मला कळलं असतं तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच बोलला नसणार.

मी त्यांना दुकानाच्या कराराचं सांगितलं. शेठ काय म्हणाले ते, तुमच्या नंबराचं काय होणार तेही. आधी त्या ऐकेनात. “आमचा नंबर कायले देऊ? कुंदा आहे ना,” शेवंताबाई म्हणाल्या, आणि काठीने उगाच ओट्यावरची धूळ सारायला लागल्या. मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या नावावर आलं तर या दुकानात किती घरं येतात ते तरी दिसेल. ताई, त्या रात्री तुमच्यासाठी जुळवलेलं उत्तर ते हेच. वनिताने विचारलं, गंजाचं काय? पॉइंट मोजले तर ते आधीच पुरेसे झाले होते. गंज त्यांनी नेला. दोघींनी कडी धरून नेला, मागून लेकरं. आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली प्रत्येक बाई काउंटरवर आपापला नंबर सांगायला लागली.

मग शेठकडे मी काय नेलं ते सांगते, तुम्ही विचारलंच असतं. खापरखेड्याची एका नावामागची सरासरी खाली आलेली होती, लपवली नाही. तिच्याखाली मधला आकडा लिहिला. त्याच्याखाली, किती घरं. तो आकडा मनीषनगरपेक्षा मोठा होता. शेठनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “एवढी घरं आहेत तिथे?” मी म्हटलं, “होती आधीपासून. एकाच नावात होती.” ते म्हणाले, चालू ठेवू, करार वर्षाचा करू, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. म्हणजे भीती गेलेली नाही, वर्षभर लांबली आहे. माझ्यासारखीला तेवढंही पुष्कळ.

“आणि मेश्रामबाईंचा नंबर?” त्यांनी विचारलं.

“चालू आहे,” मी म्हटलं. “त्यांच्या घरचं गिऱ्हाईक येतं.”

कारण भाऊजी तोच नंबर सांगतात. परवा रोशनीने सांगितलं. हातात वनिताने लिहून दिलेली चिठ्ठी, चष्मा कपाळावर. रोशनीने विचारलं, कुंदा मेश्राम? ते म्हणाले, “तिच्याच घरचा मी.” लाल चहा नेला त्यांनी. हिरवा नाही नेला. रोशनीने आठवण केली तरी नाही.

या महिन्याच्या यादीत तुमचं नाव खालच्या बाजूला आहे, ताई. एका माणसाचं सामान, त्यात दोन माणसांच्या सवयी. सरासरीला त्याने काही फरक पडत नाही, वरही नाही, खालीही नाही. मी ती ओळ उगाचच पुन्हा पुन्हा उघडते. कधी कधी संध्याकाळी बिलं थांबतात, माळ्यावर पंख्याचा आवाज तेवढा उरतो आणि मला वाटतं, माझ्या मागे कोणी तरी उभं राहून आकडे वाचतंय. मी मागे वळत नाही. वळले तर तुम्ही नसाल, म्हणून वळत नाही.

आता एवढंच. तुमचे उपकार मला फेडायचे आहेत. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. पुढच्या पोट्टीला शिकव म्हणजे मला पोचलं, असंच म्हणाल. शिकवीन मी, ते वेगळं. पण त्याने तुमचं फिटतं हे मला पटत नाही. घेतलं तुमच्याकडून आणि दिलं भलत्याला, हा कुठला हिशेब? तुम्ही असता तर यावर भांडला असतात, मी तुमची बस चुकवली असती, आणि शेवटी तुम्हीच जिंकला असतात. आता तुम्ही बोलत नाही, तर या वादात माझंच खरं. मला फेडायचंय ते तुम्हालाच. कुठे, कसं, कोणत्या वाटेने, ते मला अजून सापडलेलं नाही, आणि ज्या गोष्टी सापडत नाहीत त्यांची मला फार भीती वाटते, हे तुम्ही जाणता. तरी शब्द देते. कधी ना कधी फेडीन, कुंदाताई.